म्हाताऱ्याची शेंगापोळी

अनसूया : पुन्हा?

कमलाकर : पुन्हा पडली गं. जुनी चेन आहे, ढिली झालीय. मी बसवतो, तोवर तू जरा टेक.

अनसूया : कुठे टेकू? अगंबाई, बाकडं आहेच की इथे! आणि बाकड्यामागे हॉटेलसुद्धा.

कमलाकर : आहे होय? माझं लक्षच नव्हतं.

अनसूया : सैफुलला चेन पडली, समोर चहाची टपरी. सोरेगावला पडली, समोर भज्यांची कढई. मधे एवढं मोकळं रान गेलं, तिथे एकदाही पडली नाही. अहो, या चेनला तेल तापल्याचं कळतं का?

कमलाकर : योगायोग म्हणतात याला. संसारात काय, रस्त्यात काय, योगायोग टळत नाही.

अनसूया : आणि न सांगता गोड चहा आणि कांदाभजी पुढ्यात येतात, तोही योगायोग? सोरेगावचा तो माणूस म्हणाला, ‘बुवा, आज वहिनींना पण आणलंत!’ बुवा कोण?

कमलाकर : ते केसांमुळे म्हणाला असेल. केस पांढरे झाले की लोक बुवा म्हणतात.

अनसूया : तुम्हाला केस आहेत कुठे?

कमलाकर : होते तेव्हाची ओळख असेल.

अनसूया : आणि सायकलवर बसताना गळ्यात उपरणं कशाला? दोनदा चाकात गेलं. आणि पिशवीत मघापासून काय वाजतंय? खड्डा आला की छन्‌!

कमलाकर : पाना.

अनसूया : पाना छन्‌ वाजतो?

कमलाकर : चांगल्यातला घेतलाय.

अनसूया : बरं.

कमलाकर : हे बघ अनसूया, तू उगीच संशयानं बघतेस. सायकलची फेरी म्हणजे काय? एक कीर्तनच. घरापासून सीनेच्या पुलापर्यंत पूर्वरंग. मग मध्यंतर. कपाळाला बुक्का, घशाला चहा. आणि मग परतीच्या वाटेला उत्तररंग, डोकं शांत, पाय हलके…

अनसूया : मी परकर नेसत होते तेव्हापासून बाबांची कीर्तनं ऐकलीत. मध्यंतर एकच असायचं. तुमच्या पूर्वरंगातच हे तिसरं चाललंय.

कमलाकर : काळ बदलला.

अनसूया : साखरही बदलली. सायकल घेतली कशाला? साखर उतरावी म्हणून. आणि परवाचा रिपोर्ट? चढली! डॉक्टरीणबाई चष्मा पुसून पुसून वाचत होत्या. म्हणाल्या, काकू, व्यायामानं साखर वाढलेला हा माझा पहिलाच पेशंट.

कमलाकर : चला, वैद्यकशास्त्राला आपल्याकडून काहीतरी नवं मिळालं.

अनसूया : म्हणून आज शेजारच्या देवयानीची सायकल मागून आणली. म्हटलं, मागे मागे जाऊन एकदा बघूनच येऊ, साखर कुठल्या वळणावर चढते ते. आणि संध्याकाळी माझा भाचा येतोय, हृषीकेश. तुमची सायकल घेऊन जाईल. त्याला कॉलेजला जायला हवीच आहे.

कमलाकर : आजच?

अनसूया : आजच.

कमलाकर : एखादा रविवार तरी…

अनसूया : रविवारीच तर घोळ आहे. बाकीचे दिवस तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर असता.

कमलाकर : बसली चेन. चल, फिरू मागे. ऊन वाढलं.

अनसूया : मागे? मंद्रूपच्या अलीकडे जाऊन येतो, असं दर रविवारी सांगून निघता. आजच मागे?

कमलाकर : पुढे रस्ता खराब आहे.

अनसूया : अहो, विजापूरचा हायवे आहे! पुढे आहे काय?

कमलाकर : काहीसुद्धा नाही.

अनसूया : मग पुढेच जाऊ. मला काहीसुद्धा नाही ते बघायचंय.

*

नागव्वा : बर्री बुवा, या की! आवो, कुटं हुता तुमी? गेल्या रविवारी वाट बघून बघून डोळं दुकलं. आमी म्हटलं, गेला का काय म्हातारा!

अनसूया : अहो, या तुम्हाला म्हातारा म्हणतायत.

नागव्वा : न्हाय वो अक्का, ह्यास्नी न्हाय. म्हातारा निराळा. ह्यांच्या वळखीचा हाय. नदीकाठी हात पसरून हुबा असतोय. तुमी बुवांच्या मंडळी न्हवं? कुंद्री की, बसा ह्या खुर्चीवर. म्या नागव्वा. हे हाटेल माजंच.

कमलाकर : नागव्वा, दोन चहा द्या. बिनसाखरेचे. आम्हाला लगेच निघायचंय.

नागव्वा : बिनसाखरंचा? अय्यो! ताप हाय का अंगात? अक्का, ह्यास्नी साखर कमी पडली की कप माघारी धाडत्यात!

अनसूया : धाडतात का? सांगा, सांगा. मी ऐकायलाच आलेय. आणि तो नदीकाठचा म्हातारा कोण?

कमलाकर : अगं, आहे एक गरीब माणूस.

नागव्वा : लई गरीब! पोटात कण न्हाय. आन समोर सखाप्पा हुबा. ह्यो सखाप्पा देवाला निवद घिऊन निगालेला, डोसक्यावर दुरडी. वाटंत गाय भेटली, तिला दिलं. लेकुरवाळी भेटली, तिला दिलं. मुंग्यांस्नी बी दिलं! आता नदीच्या पल्याड देऊळ, आन दुरडीत उरली एकच पोळी. तवर म्हाताऱ्यानं हात पसरला. द्यावी का देवाला ठिवावी? बुवांनी हितं आणून सोडलं, आन टांग टाकून गेलं सायकलवर!

अनसूया : अहो. हे आख्यान आहे.

कमलाकर : आख्यान कसलं? आपलं चहा पिता पिता बोलणं.

नागव्वा : बोलणं? कीर्तनच की! कंबरंला उपरणं बांधून, झांज वाजवून, पारावर हुबं ऱ्हाऊन!

अनसूया : झांज. म्हणजे पाना.

कमलाकर : अनसूया…

अनसूया : चांगल्यातला घेतलाय.

नागव्वा : पर अक्का, तुमीच न्याय करा. म्हाताऱ्यानं हात पसरला, त्याच्या म्होरल्या रविवारी आमी समदी येऊन बसलो. तर बुवांनी नुसती नदी सांगितली. पाणी कसं, लाटा कशा. म्हटलं बरं, सांगू द्या. त्याच्या म्होरल्या रविवारी म्हाताऱ्याची दाढी! दाढीतच निम्मा वकत गेला. मग येक रविवार हाताच्या रेषा. आन गेल्या रविवारी तर आलंच न्हाईत! म्हातारं हाय तसंच हुबं. हात अवघडत न्हाय का त्याचा?

अनसूया : दाढीवर पूर्वरंग? बाबांनी ऐकलं असतं तर चिपळ्या खाली ठेवल्या असत्या.

नागव्वा : आन बुवा, त्या पोळ्या पोचल्या का?

कमलाकर : कुठल्या… नागव्वा, चहा उतू जातोय बघा.

नागव्वा : ग्यासच पेटवला न्हाय अजून. शेंगापोळ्या वो! अक्का, माजी सासू, बसम्मा, तिनं म्हाताऱ्यासाठी करून दिल्या बुवांकडं. म्हणली, दात नसतील बिचाऱ्याला, भाकर चावायची न्हाय, मऊ शेंगापोळी द्या. शेंगदाण्याच्या कुटात गूळ जास्ती घातला, वरनं तूप सोडलं. शिवराज ट्रकवाल्यानं पेढं दिलं. दर रविवारी बांधून देतो की आमी.

अनसूया : दर रविवारी. गूळ जास्ती घालून.

नागव्वा : व्हय.

अनसूया : आणि तूप.

नागव्वा : म्हशीचं.

अनसूया : मग अहो, पोचल्या का म्हाताऱ्याला?

कमलाकर : पोचल्या.

अनसूया : कुठे गाठलंत त्याला?

कमलाकर : सीनेच्या पुलाखाली. सावलीला.

अनसूया : आणि सगळ्या खाल्ल्या त्यानं?

कमलाकर : एका बैठकीत.

अनसूया : दात आहेत म्हणजे.

कमलाकर : खालची कवळी आहे.

अनसूया : साखर?

कमलाकर : तीही आहे.

नागव्वा : बगा, पोचल्या! म्या म्हटलं न्हवतं का बसम्माला!

अनसूया : नागव्वा, राग मानू नका, पण हा म्हातारा गोष्टीतला आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?

नागव्वा : ठावं हाय की. आमी काय खुळ्या हाय? पर गोष्टीतला हाय म्हणून काय उपाशी ऱ्हावा? देव बी निवद खाताना दिसत न्हाय, म्हणून कोण दाखवायचं सोडतंय का?

कमलाकर : बघ, किती बरोबर बोलल्या.

अनसूया : तुम्ही बोलू नका. तुमच्या तोंडाला अजून तूप आहे.

नागव्वा : आन म्हाताऱ्याच्या तोंडात घास जाईपातूर बसम्मानं चा सोडलाय. उठल्या उठल्या चा लागायचा म्हातारीला, आता नुसतं गरम पाणी पिऊन भिंतीकडं तोंड करून बसतीया. डोसकं धरून. म्हणून सांगते बुवा, आज शेवट झाल्याबिगार सुट्टी न्हाय. तुमी बसला तवाच तुमची सायकल म्या आत लावली. कुलूप घातलंय.

कमलाकर : कुलूप?

नागव्वा : व्हय. किल्ली बसम्माच्या कनवटीला हाय. थांबा, समद्यांस्नी हाक मारून येते.

*

कमलाकर : गेली. अनसूया, ऊठ. तुझी सायकल बाहेरच आहे. डबलसीट निघू.

अनसूया : देवयानीच्या सायकलला मागे कॅरिअर नाही. पुढे टोपली आहे.

कमलाकर : मी टोपलीत बसतो.

अनसूया : अहो, काहीतरीच काय! शेवट सांगा आणि मोकळे व्हा. म्हातारी तिकडे चहावाचून बसलीय.

कमलाकर : शेवट मला ठाऊक नाही.

अनसूया : विसरलात? कुठल्या पुराणातलं आहे सांगा, मी आठवून देते. बाबांची सगळी आख्यानं मला पाठ आहेत.

कमलाकर : कुठल्याच पुराणातलं नाही. मी रचलं.

अनसूया : रचलं?

कमलाकर : तोंडातून निघत गेलं. पहिल्या खेपेला खरोखरच चेन तुटली होती इथे…

अनसूया : खरोखरच?

कमलाकर : खरोखरच. ती दुरुस्त करायला माणूस येईपर्यंत बसलो. लाइट गेलेली, सगळे पारावर गप्प बसलेले. मी आपलं गुणगुणलो. कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं म्हणा की. मग म्हटलं. त्यांना आवडलं. मग सखाप्पा निघाला, त्याच्या डोक्यावर दुरडी आली, गाय आली… आणि म्हाताऱ्यानं हात पसरला तिथे माझी गाडी थांबली. पुढचं सुचेना. पोळी दिली म्हणावं, तर देवाघरी रिकाम्या हातांनी जाणार. नाही दिली म्हणावं, तर ही नागव्वा मला दारात उभं करणार नाही. म्हणून दाढी सांगितली.

अनसूया : आणि मला का नाही सांगितलंत?

कमलाकर : तुला? तू बाबांची मुलगी. घरी हॉलमध्ये बाबांचा फोटो, हातात चिपळ्या, आणि त्याखाली तू भाजी निवडत बसलेली. तिथे मी सूर लावायचा? लग्नानंतर एकदा न्हाणीघरात लावला होता. तू बाहेरून म्हणालीस, ‘पाणी गेलं का हो?’

अनसूया : नळ घरघरतो तसं वाटलं मला, खरंच!

कमलाकर : तेव्हापासून नाही लावला. इथे कुणाला ठाऊक नव्हतं चांगलं कीर्तन कसं असतं. म्हणून मला जमलं. आता साखरेचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. चहा सोडतो, भजी सोडतो. उद्यापासून कारल्याचा रस दे, नाक दाबून पितो. पण सायकल संध्याकाळी गेली की हे गेलं. मला यातलं दुसरं काही नको गं. हे तेवढं हवं होतं.

अनसूया : आले बघा सगळे.

*

नागव्वा : चला बुवा! ट्रक लागले, ट्रॅक्टर लागला, बसम्माची खुर्ची दारात आणली. चढा पारावर.

कमलाकर : नागव्वा, आज घसा जरा…

नागव्वा : गरम पाणी देऊ? बसम्माच्यातलंच देते.

कमलाकर : नको, नको. करतो सुरू. सज्जनहो! आपण सगळे या पारावर गोळा झालो, ही त्या सिद्धरामाची कृपा. आपला सखाप्पा कुठे होता? नदीच्या काठी! नदी कशी होती?

नागव्वा : नदी झाली, बुवा.

कमलाकर : बरं. म्हातारा कसा होता? त्याची दाढी…

नागव्वा : दाढी बी झाली!

कमलाकर : झाली. मग पद घेऊ. ‘दुरडी डोईवर, नाम ओठांवर, पाय चालती वाट, मन देवाघऽऽर…’ ‘मन देवाऽऽ…’ ख्‌… ‘देवाऽ…’

नागव्वा : अय्यो! घसा अडकला की वो!

कमलाकर : पुन्हा घेतो. ‘दुरडी डोईऽऽ…’ ख्‌… ख्‌…

अनसूया : थांबा.

कमलाकर : अनसूया, तू वर कशाला आलीस?

अनसूया : कुठल्या पट्टीत गाताय?

कमलाकर : काळी चार.

अनसूया : का?

कमलाकर : बाबांची होती ना.

अनसूया : बाबांची होती. त्यांच्या गळ्याला शोभायची. तुमचा गळा काळी एकचा आहे, तोही हवा चांगली असेल तेव्हा. घ्या खाली. आणि ती झांज इकडे द्या. तुमचा हात उतारावर सायकल सुटल्यासारखा पळतो.

नागव्वा : अक्का, तुमास्नी येतंय?

अनसूया : बघू, हात विसरला नसेल तर. घ्या हो तुम्ही. एक, दोन… हं.

कमलाकर : ‘दुरडी डोईवर, नाम ओठांवर, पाय चालती वाट, मन देवाघर…’

अनसूया : ‘पाय चालती वाट, मन देवाघर…’

नागव्वा : आगं बया! आता कसं गोड लागतंय!

कमलाकर : सज्जनहो! सखाप्पा उभा आहे. मागे सगळी वाट, पुढे सगळं पाणी. सकाळी दुरडी भरलेली होती तेव्हा जड नव्हती हो. आता एकच पोळी उरली, तर मान मोडायची वेळ आली. का? तर मनात प्रश्न आला. देवाची पोळी मी माणसाला कशी देऊ? आणि माणूस उपाशी ठेवून देवाला कशी नेऊ? प्रश्नासारखं जड काही नाही सज्जनहो, मी सांगतो तुम्हाला. अंगाला घाम सुटतो. झोप लागत नाही. रविवार आला की सायकल काढवत नाही. सखाप्पा म्हाताऱ्याकडे बघतो. म्हातारा हात काही मागे घेत नाही. आणि मग… मग सखाप्पानं…

नागव्वा : दिली?

कमलाकर : मग सखाप्पानं… त्या म्हाताऱ्याला…

नागव्वा : बुवा, बोला की! बसम्मा खुर्चीतनं उठली बगा!

कमलाकर : त्या म्हाताऱ्याला सखाप्पानं…

अनसूया : सखाप्पानं विचारलं.

कमलाकर : काय?

अनसूया : विचारलं हो त्यानं म्हाताऱ्याला. ‘बाबा, काय हवंय तुम्हाला?’

कमलाकर : हां… हां! सज्जनहो, इतका वेळ सखाप्पानं त्याला विचारलंच नव्हतं! आपणच ठरवलं, हा मागतोय. आता विचारलं, ‘बाबा, काय हवंय तुम्हाला?’ तर म्हातारा म्हणाला… म्हणाला…

अनसूया : ‘मला काही नको रे. सकाळपासून दुरडी डोक्यावर घेऊन चालतोयस, दमला असशील. हात केव्हाचा पुढे केलाय मी, जरा उतरून घ्यावी म्हणून.’

(एक ट्रक हॉर्न वाजवत निघून जातो. मग दारातून बसम्माचा बारीक आवाज येतो, “नागव्वा, चा टाक गं.”)

नागव्वा : टाकते अत्ती, आत्ता टाकते! अय्यो, डोळ्यातनं पाणी आलं वो माज्या. म्हंजे म्हाताऱ्यानं कायच मागितलं न्हवतं! आन आमी त्याला भुकेला समजून पोळ्या धाडल्या. उगंच की!

कमलाकर : उगाच नाही हो. फार चांगल्या होत्या.

अनसूया : म्हातारा सांगत होता, असं म्हणायचंय त्यांना.

नागव्वा : आन अक्का, म्होरल्या रविवारी काय?

अनसूया : पुढच्या रविवारी हे नवं आख्यान लावतील. पण आधी शेवट ठरवून मगच घरातून निघायचं. आणि बांधून काही द्यायचं नाही.

नागव्वा : आन त्यात कोण भुकेला असला तर?

अनसूया : तर माझ्या हातात द्या. मी पोचवीन.

नागव्वा : द्या टाळी! थांबा, बसम्माकडनं किल्ली आणते. चा बिनसाखरंचाच का?

अनसूया : दोन्ही.

कमलाकर : अनसूया, आणि हृषीकेश? संध्याकाळी?

अनसूया : येऊ दे. शिरा करीन त्याला. म्हणावं, कॉलेजला बसनं जा, तरुण मुलाला काय झालंय.

कमलाकर : ते तुला कुठून सुचलं गं? म्हाताऱ्याचं?

अनसूया : काय ठाऊक. तुम्ही अडलात, मी मागून बघत होते. उपरण्याची गाठ सुटत आली होती, कानामागून घाम निथळत होता… आणि आलं तोंडात.

कमलाकर : बाबांच्या मागे इतकी वर्षं झांज घेऊन उभी राहिलीस. त्यांनाही असंच सुचवायचीस?

अनसूया : छे! बाबा कधी अडलेच नाहीत. एकदा सुरू झाले की नदीच. मागे उभं राहून मला कधी एक शब्द पुरवावा लागला नाही.

कमलाकर : मी दर रविवारी अडतो.